चार्ल्स केटरिंग

चार्ल्स फ्रँकलिन केटरिंग (जन्म : २९ ऑगस्ट १८७६, लाउडनव्हिल, ओहायो, मृत्यू : नोव्हेंबर १९५८, डेटन, ओहायो) हे अमेरिकन अभियंते, संशोधक व उद्योजक होते. मोटारगाडीचे इंजिन विजेच्या साहाय्याने सुरू करणाऱ्या स्वयं-आरंभकाचे (सेल्फ-स्टार्टरचे) व्यवहार्य रूप त्यांनी घडवले. बॅटरीवर चालणारी प्रज्वलन यंत्रणा (इग्निशन) हीदेखील त्यांचीच देणगी आहे. डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनीचे (डेल्को) ते सहसंस्थापक होते. १९२० ते १९४७ या काळात जनरल मोटर्स या कंपनीच्या संशोधन विभागाचे प्रमुखपद त्यांच्याकडे होते. त्यांच्या नावावर १८६ पेटंट होती. मराठी वाहनचालक ज्या क्रियेला ‘सेल्फ मारणे’ म्हणतात, तिचा उगम केटरिंग यांच्या १९११ च्या कामात आहे. शिसेयुक्त पेट्रोलच्या प्रसारातील त्यांच्या सहभागामुळे त्यांच्या कार्याचे मूल्यमापन मात्र आजही संमिश्र राहिले आहे.

प्रारंभिक जीवन व शिक्षण

केटरिंग यांचा जन्म ओहायो राज्यातील लाउडनव्हिल गावाजवळच्या शेतावर झाला. जेकब व मार्था केटरिंग या दांपत्याच्या पाच अपत्यांपैकी ते चौथे होते. लहानपणापासून त्यांची दृष्टी कमजोर होती. वाचनाने डोळे दुखत आणि डोकेदुखी जडे. तरीही शालेय शिक्षण पूर्ण करून त्यांनी काही काळ ग्रामीण शाळांत शिक्षकाची नोकरी केली.

पुढे वूस्टर येथील महाविद्यालयात व त्यानंतर ओहायो राज्य विद्यापीठात त्यांनी प्रवेश घेतला. परंतु डोळ्यांच्या विकारामुळे त्यांना शिक्षण अर्धवट सोडावे लागले. या काळात त्यांनी एका टेलिफोन कंपनीत खांब उभारणाऱ्या व तारा ओढणाऱ्या कामगारांच्या तुकडीत काम केले आणि लवकरच ते तुकडीचे मुकादम झाले. मोकळ्या हवेतील या कामाने त्यांची प्रकृती सुधारली. रिले, विद्युतचुंबक, बॅटरी व जोडण्या यांचे प्रत्यक्ष ज्ञानही त्यांना याच कामातून मिळाले. नंतर विद्यापीठात परतून त्यांनी १९०४ मध्ये विद्युत अभियांत्रिकीची पदवी मिळवली. त्या वेळी ते २७ वर्षांचे होते.

नॅशनल कॅश रजिस्टरमधील कार्य

पदवीनंतर केटरिंग डेटन येथील नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीच्या संशोधन विभागात रुजू झाले. दुकानांतील गल्ल्याची यंत्रे तेव्हा हाताने दांडा फिरवून चालवली जात. त्यांना विजेची मोटर जोडण्यात आकाराची अडचण होती. यंत्र फिरवण्याइतकी ताकद सतत देऊ शकणारी मोटर यंत्राहूनही मोठी झाली असती. गल्ल्याच्या मोटरला सतत चालायचे नसते, तर काही क्षण जोर लावून थांबायचे असते, हे केटरिंग यांनी ओळखले. अल्पकाळासाठी लहान मोटरवर तिच्या नेमून दिलेल्या क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त भार टाकता येतो. ती तापण्यापूर्वीच काम संपलेले असते. या तत्त्वावर त्यांनी १९०६ मध्ये विजेवर चालणारे गल्लायंत्र तयार केले. ग्राहकाची उधारी दुकानातूनच दूरध्वनीच्या तारांवरून तपासण्याची व मंजूर करण्याची यंत्रणाही त्यांनी याच कंपनीत विकसित केली.

डेल्कोची स्थापना

कंपनीतील त्यांचे वरिष्ठ सहकारी एडवर्ड डीड्स यांच्या घरामागील कोठारात केटरिंग व त्यांचे मित्र कामाच्या वेळेनंतर मोटारगाड्यांवर प्रयोग करत. त्या काळच्या बहुतेक गाड्यांत कोरड्या घटांवर चालणारी, सतत कंप पावणारी प्रज्वलन यंत्रणा असे. ती ठिणग्यांची सरच सोडत असल्याने घट लवकर संपत. केटरिंग यांनी रिले वापरून प्रत्येक स्फोटासाठी नेमक्या वेळी एकच ठिणगी देणारी रचना केली. त्यामुळे घटांचे आयुष्य वाढले आणि इंजिन अधिक विश्वासार्ह झाले. कॅडिलॅक कंपनीचे प्रमुख हेन्री लेलँड यांनी या यंत्रणेच्या ८,००० संचांची मागणी नोंदवली. तिच्या बळावर १९०९ मध्ये केटरिंग व डीड्स यांनी डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी स्थापन केली. नावाच्या आद्याक्षरांवरून ती डेल्को म्हणून ओळखली जाऊ लागली.

स्वयं-आरंभक

हँडलचे धोके

विसाव्या शतकाच्या आरंभी पेट्रोल इंजिन सुरू करण्यासाठी गाडीच्या पुढील बाजूस लोखंडी हँडल घालून ते जोराने फिरवावे लागे. ठिणगीची वेळ थोडी आधी पडली तर इंजिन उलट फिरे आणि हँडल झटका देऊन मागे येई. मनगट वा कोपराजवळचे हाड मोडणे ही त्या काळातील नेहमीची दुखापत होती. थंडीत वंगण घट्ट झाल्यावर हँडल फिरवणे अधिकच कठीण होई. त्यामुळे अनेक स्त्रिया, वृद्ध व अशक्त व्यक्ती पेट्रोल गाडी स्वतः चालवण्यापासून दूर राहत. हँडल न लागणारी विजेची मोटार त्यांना सोयीची वाटे.

लेलँड यांचे स्नेही व मोटार उत्पादक बायरन कार्टर हे एका स्त्रीच्या बंद पडलेल्या गाडीला हँडल मारताना जखमी झाले व त्यातून त्यांचा मृत्यू झाला, त्यामुळे व्यथित झालेल्या लेलँड यांनी केटरिंग यांना हे काम सोपवले, अशी हकिकत प्रसिद्ध आहे. कार्टर यांचे निधन १९०८ मध्ये झाले, तर डेल्कोतील काम १९१०–११ मधील आहे. त्यामुळे ही हकिकत शब्दशः घेता येत नाही. हँडलमुळे होणाऱ्या दुखापती हा मात्र उद्योगापुढील खरा प्रश्न होता.

रचना व पेटंट

विजेच्या मोटरने इंजिन फिरवण्याची कल्पना केटरिंग यांच्यापूर्वीही मांडली गेली होती. इंग्लंडमध्ये १८९६ मध्ये एच. जे. डाउसिंग यांनी एका आर्नल्ड गाडीवर असा प्रयोग केला होता, तर अमेरिकेत क्लाइड कोलमन यांना १९०३ मध्ये पेटंट मिळाले होते. संपीडित हवा, स्प्रिंग व अ‍ॅसिटिलीन वायू यांवर चालणारे आरंभकही बाजारात येत-जात होते. विजेच्या आरंभकाला इंजिनाएवढीच जड मोटर व प्रचंड बॅटरी लागेल, असा तज्ज्ञांचा आक्षेप होता.

केटरिंग यांनी गल्लायंत्राच्या अनुभवातून या आक्षेपाचे उत्तर दिले. इंजिन सुरू करणे हे काही सेकंदांचे काम असल्याने लहान मोटरवर तेवढ्यापुरता मोठा भार टाकणे पुरेसे होते. आरंभक हे सुटे यंत्र न मानता त्यांनी गाडीची संपूर्ण विद्युत यंत्रणा एकत्र योजली. बॅटरी मोटरला वीज देई व मोटर दातेरी चाकांच्या साहाय्याने इंजिन फिरवी. इंजिन सुरू झाले की तेच यंत्र जनित्र होऊन बॅटरी पुन्हा भरी. प्रज्वलन व दिवे याच बॅटरीवर चालत. कॅडिलॅकमधील पहिल्या संचात इंजिन फिरवताना २४ व्होल्ट, तर बॅटरी भरताना व दिव्यांसाठी ६ व्होल्ट दाब वापरला जाई.

फेब्रुवारी १९११ मध्ये ही यंत्रणा कॅडिलॅकच्या गाडीवर दाखवण्यात आली. जून १९११ मध्ये पेटंटसाठी अर्ज दाखल झाला व ऑगस्ट १९१५ मध्ये ते मंजूर झाले. १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांमध्ये स्वयं-आरंभक, विजेचे दिवे व बॅटरी प्रज्वलन ही यंत्रणा एकत्रितपणे बसवण्यात आली. या सुधारणेसाठी कॅडिलॅकला ब्रिटनमधील ड्युअर ट्रॉफी दुसऱ्यांदा मिळाली. पुढील काही वर्षांत बहुतेक उत्पादकांनी विजेचा आरंभक स्वीकारला. फोर्डच्या मॉडेल टी गाडीलाही तो १९१९ मध्ये मिळाला. हँडलची अडचण दूर झाल्याने विजेच्या मोटारींचे मोठे आकर्षण संपले आणि पेट्रोल गाडीचा प्रसार वेगाने झाला.

आजची रचना व दोषनिदान

पहिल्या कॅडिलॅकमध्ये दातेरी चाके जुळवण्याचे काम चालकाच्या पायाने होई. पुढील दशकांत हे काम सोलेनॉइड या विद्युतचुंबकाकडे आले. किल्ली फिरवताच सोलेनॉइडमधील लोखंडी दांडा आत खेचला जातो. तो एका टोकाने सेल्फचे लहान दातेरी चाक फ्लायव्हीलच्या कड्यात सरकवतो व दुसऱ्या टोकाने बॅटरी आणि मोटर यांच्यामधील जाड तांब्याचे संपर्क जोडतो. गाडी सुरू होताना, किंवा न होताना, ऐकू येणारा ‘खट’ असा आवाज याच हालचालीचा असतो. त्यामुळे या आवाजाच्या प्रकारावरून दोष कोठे आहे याचा पुष्कळ अंदाज बांधता येतो.

किल्ली फिरवल्यावर इंजिन न फिरता जलद टकटक ऐकू येणे हे बहुधा बॅटरी उतरल्याचे वा तिच्या जोडण्या खराब झाल्याचे लक्षण असते. सोलेनॉइडला दांडा खेचण्यासाठी थोडीच वीज लागते, ती कमकुवत बॅटरीही देऊ शकते. परंतु संपर्क जुळताच मोटर शंभर वा त्याहून अधिक अँपिअर प्रवाह ओढू लागते आणि बॅटरीचा दाब कोसळतो. दाब कोसळल्याने सोलेनॉइडची पकड सुटते व स्प्रिंग दांडा मागे ढकलते. भार सुटल्यावर दाब पुन्हा चढतो व दांडा पुन्हा खेचला जातो. हे चक्र सेकंदाला अनेकदा घडते व तोच टकटकाट ऐकू येतो. अशा वेळी गाडीचे दिवे आवाजाबरोबर मंदावतात वा लुकलुकतात.

एकच मोठा खटका होऊन पुढे काहीच न घडणे याचा अर्थ वेगळा असतो. दिवे तेजस्वीच राहिले, तर वीज मोटरपर्यंत पोहोचत नाही असे समजतात. सोलेनॉइडमधील संपर्क जळालेले असतात वा मोटरमधील कार्बनचे ब्रश झिजलेले असतात. खटक्याबरोबर दिवे एकदम मंदावले, तर मोटर प्रवाह ओढते पण फिरू शकत नाही. मोटर आतून जाम झालेली असते किंवा खुद्द इंजिन अडकलेले असते. पुराच्या पाण्यातून गेलेल्या गाडीच्या सिलिंडरमध्ये पाणी शिरल्यासही असे घडते आणि पुन्हा पुन्हा सेल्फ मारल्यास इंजिनाचे गंभीर नुकसान होते. आवाजच न होणे हे बॅटरी पूर्ण उतरल्याचे किंवा किल्लीचा स्विच, रिले, फ्यूज, क्लच वा गिअरजवळील सुरक्षा-स्विच यांतील दोषाचे लक्षण असते. इंजिन फिरते पण सुरू होत नाही, तेव्हा सेल्फ निर्दोष असून दोष इंधनात वा प्रज्वलनात शोधावा लागतो.

बारा व्होल्टच्या पूर्ण भरलेल्या बॅटरीचा दाब विश्रांतीत सुमारे १२.६ व्होल्ट असतो. तो १२ व्होल्टच्या आसपास आला तर ती बरीचशी उतरलेली असते. सेल्फ मारताना दाब साधारणपणे ९.६ व्होल्टच्या खाली गेला, तर बॅटरी दुबळी मानली जाते. दाब चांगला असूनही टकटक होत असेल, तर टर्मिनलवरील पांढरट-हिरवा थर, सैल क्लॅम्प अथवा इंजिन व गाडीचा सांगाडा यांना जोडणारी अर्थची तार तपासली जाते. अशा सांध्यावर थोडा जरी विरोध असला, तरी मोठ्या प्रवाहात तेथेच कित्येक व्होल्ट खर्च होतात. दिव्यांच्या लहान प्रवाहात तो दोष दिसत नाही. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीची जोड देताच इंजिन सुरू झाले, तर सेल्फवरचा संशय जवळपास दूर होतो. त्यानंतर इंजिन चालू असताना दाब सुमारे १३.८ ते १४.५ व्होल्ट नसेल, तर बॅटरीऐवजी ती भरणारा अल्टरनेटर दोषी ठरतो. ही तपासणी न करता केवळ नवी बॅटरी बसवल्यास तीही काही दिवसांत उतरते. बॅटरी, मोटर, जनित्र व प्रज्वलन यांना केटरिंग यांनी एका साखळीत गुंफले. त्यामुळे एका कडीतील दोष दुसऱ्या कडीत प्रकट होतो, आणि निदानही साखळीच्या क्रमानेच करावे लागते.

जनरल मोटर्समधील कार्य

१९१६ मध्ये डेल्को ही युनायटेड मोटर्स या समूहाला विकण्यात आली व १९१८ मध्ये तो समूह जनरल मोटर्समध्ये विलीन झाला. १९२० पासून केटरिंग हे कंपनीच्या संशोधन विभागाचे प्रमुख झाले. ड्युपाँट कंपनीच्या सहकार्याने विकसित झालेल्या लवकर वाळणाऱ्या ड्युको रंगामुळे गाडी रंगवण्यास लागणारा वेळ दिवसांवरून तासांवर आला आणि काळ्याखेरीज इतर रंगांच्या गाड्याही मोठ्या संख्येने बनू लागल्या.

हवेने थंड होणारे, तांब्याचे पंख असलेले इंजिन हे त्यांचे सर्वांत ठळक अपयश मानले जाते. केटरिंग यांचा त्यावर दृढ विश्वास होता. परंतु १९२३ मध्ये शेवरले गाड्यांत ते बसवल्यावर ती अति तापू लागली व त्यांची शक्ती घटू लागली. विकलेल्या गाड्या कंपनीला परत बोलवाव्या लागल्या. केटरिंग यांनी राजीनामा देऊ केला. मात्र कंपनीचे अध्यक्ष आल्फ्रेड स्लोन यांनी त्यांना संशोधन कार्यातच राहण्यास राजी केले.

त्यांच्या विभागाने दोन-स्ट्रोक डिझेल इंजिन हलके व सुटसुटीत केले. अशाच इंजिनावर धावणाऱ्या झेफर या रेल्वेगाडीने २६ मे १९३४ रोजी डेन्व्हर ते शिकागो हे सुमारे १,६३३ किलोमीटर अंतर न थांबता १३ तास ५ मिनिटांत पार केले. अमेरिकी रेल्वेत वाफेच्या इंजिनांची जागा डिझेलने घेण्याच्या प्रक्रियेला त्यामुळे मोठी गती मिळाली. या कामात केटरिंग यांचे पुत्र यूजीन यांचाही वाटा होता.

शिसेयुक्त पेट्रोल

इंजिनातील ठोक्याचा (नॉकिंगचा) दोष केटरिंग यांच्या बॅटरी प्रज्वलनामुळे होतो, अशी टीका होत असे. इंधन अवेळी व अति वेगाने पेटणे हे त्याचे खरे कारण असल्याचे त्यांच्या गटाने दाखवून दिले. त्यांचे सहायक थॉमस मिजली यांना डिसेंबर १९२१ मध्ये टेट्राएथिल लेड हे संयुग अत्यल्प प्रमाणात मिसळल्यास ठोका थांबतो असे आढळले. अल्कोहोलचा असाच उपयोग याच गटाला ठाऊक होता. परंतु ते बऱ्याच मोठ्या प्रमाणात मिसळावे लागे. फेब्रुवारी १९२३ मध्ये शिसेयुक्त पेट्रोलची विक्री डेटन येथे सुरू झाली. १९२४ मध्ये स्थापन झालेल्या एथिल कंपनीचे केटरिंग हे पहिले अध्यक्ष होते.

शिशाचे विषारी स्वरूप तेव्हाही अज्ञात नव्हते. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील बेवे येथील कारखान्यात या संयुगाच्या विषबाधेने भ्रमिष्ट होऊन पाच कामगार दगावले. अन्य कारखान्यांतही मृत्यू झाले होते. मे १९२५ मध्ये विक्री थांबवण्यात आली, परंतु शासकीय समितीच्या अहवालानंतर १९२६ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. पुढील अर्धशतकात जगभरातील रस्त्यांवर शिसे पसरले आणि विशेषतः मुलांच्या मेंदूवर त्याचे दुष्परिणाम झाल्याचे सिद्ध झाले. भारतात २००० साली शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले, तर २०२१ मध्ये जगातील मोटारगाड्यांसाठीची त्याची विक्री पूर्णपणे थांबली. शीतकपाटांसाठी मिजली व सहकाऱ्यांनी केटरिंग यांच्या मार्गदर्शनाखाली शोधलेला फ्रिऑन हा वायूही पुढे ओझोनच्या थरास घातक ठरला व १९८७ च्या माँट्रियल करारान्वये त्याच्या वापरावर निर्बंध आले.

इतर कार्य

पहिल्या महायुद्धाच्या काळात केटरिंग यांनी अमेरिकी सैन्यासाठी वैमानिकरहित उडता सुरुंग तयार केला. ‘केटरिंग बग’ म्हणून ओळखल्या गेलेल्या या लहान विमानाने इंजिनाचे ठरावीक फेरे पूर्ण झाल्यावर पंख टाकून लक्ष्यावर कोसळावे, अशी योजना होती. १९१८ मध्ये त्याची उड्डाणे झाली, परंतु प्रत्यक्ष युद्धात वापर झाला नाही. वीज न पोहोचलेल्या शेतघरांसाठी डेल्को-लाइट हा जनित्र व बॅटरी यांचा संच त्यांनी बाजारात आणला. त्यामुळे अनेक ग्रामीण कुटुंबांच्या घरी प्रथमच विजेचा दिवा लागला.

१९२७ मध्ये त्यांनी आपल्या नावाचे प्रतिष्ठान स्थापन केले. प्रकाशसंश्लेषणाच्या अभ्यासास या प्रतिष्ठानाने दीर्घकाळ साहाय्य केले. १९४५ मध्ये स्लोन यांच्यासह त्यांनी न्यू यॉर्क येथे स्लोन-केटरिंग कर्करोग संशोधन संस्था उभारली. दुसऱ्या महायुद्धात सामान्य नागरिकांच्या युद्धोपयोगी कल्पना तपासणाऱ्या राष्ट्रीय संशोधक परिषदेचे ते अध्यक्ष होते.

वैयक्तिक जीवन व मृत्यू

१९०५ मध्ये केटरिंग यांचा विवाह ऑलिव्ह विल्यम्स यांच्याशी झाला. यूजीन हे त्यांचे एकुलते अपत्य होय. १९१४ मध्ये बांधलेले त्यांचे ‘रिजले टेरेस’ हे निवासस्थान अमेरिकेतील विजेवर वातानुकूलित झालेल्या पहिल्या घरांपैकी एक मानले जाते. ऑलिव्ह यांचे १९४६ मध्ये निधन झाले. १९४७ मध्ये निवृत्त झाल्यावरही केटरिंग यांनी संशोधनाशी संबंध सोडला नाही. नोव्हेंबर १९५८ मध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी डेटन येथे त्यांचे निधन झाले. डेटनमधील वुडलँड स्मशानभूमीत त्यांचे दफन करण्यात आले.

सन्मान व वारसा

डेटनलगतच्या वसाहतीला १९५२ मध्ये केटरिंग हे नाव देण्यात आले व १९५५ मध्ये तिला शहराचा दर्जा मिळाला. १९८० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक गौरव दालनात त्यांचा समावेश झाला. मिशिगन राज्यातील फ्लिंट येथील जनरल मोटर्सच्या जुन्या अभियांत्रिकी संस्थेचे नाव १९९८ मध्ये केटरिंग विद्यापीठ असे करण्यात आले. संपर्क-बिंदू, कॉइल व वितरक असलेली त्यांची प्रज्वलन पद्धती इलेक्ट्रॉनिक यंत्रणा येईपर्यंत जगभरातील गाड्यांत वापरात होती. लहान मोटर, बॅटरी व जनित्र यांच्या जोडणीवर आधारलेला स्वयं-आरंभक मात्र मूळ तत्त्व कायम राखून आजच्या बहुसंख्य पेट्रोल व डिझेल गाड्यांत टिकून आहे.